मुंबईचे दूध आणि खेड्यातील म्हैस : एका तांत्रिक परिवर्तनाचा इतिहास

अर्वाचीन भारतातील दुग्धव्यवसायाचा इतिहास सामान्यतः उत्पादनाच्या आकड्यांनी सांगितला जातो. १९५०-५१ साली देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन दूध निघत असे. २०२२-२३ साली हा आकडा २३ कोटी टनांच्या वर गेला. हे आकडे खरे आहेत; परंतु त्यांच्या झगमगाटात एक मूलभूत प्रश्न झाकला जातो. ज्या जनावरांमुळे हे दूध वाढले, ती जनावरे पूर्वी कोठे जात होती? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे मुंबईच्या तबेल्यांपाशी यावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई शहर केवळ दूधच पीत नव्हते, तर दूध देणाऱ्या उत्तमोत्तम म्हशीही गिळून टाकीत होते. हा क्षय ज्या यंत्रांनी व ज्या संघटनेने थांबविला, त्यांचा विचार दुधाच्या वाढीच्या दृष्टीने पुष्कळ झाला आहे. पशुधनाच्या व जमिनीच्या रक्षणाच्या दृष्टीने मात्र फारच थोडा झाला आहे.

दूध हा नाशवंत पदार्थ. उष्ण हवेत काढलेले दूध चार-पाच तासांत आंबू लागते. म्हणून जेथे थंड करण्याची साधने नव्हती तेथे खेड्यातील दूध दूरच्या बाजारात पोचावयाचे ते तुपाच्या किंवा खव्याच्या रूपाने. शहरातील मनुष्याला चहाला व मुलाबाळांना ताजे दूध हवे असेल तर दोनच मार्ग होते. एक, आसपासच्या वसई, ठाणे, कल्याण या टापूंतून पहाटेच्या गाडीने येणारे दूध घेणे. किंवा दुसरा, म्हैसच शहरात आणून बांधणे. मुंबई वाढत गेली तसा पहिला मार्ग अपुरा पडला आणि दुसऱ्याचा विस्तार झाला. गुजरातेतून व काठेवाडातून सुरती, मेहसाणी, जाफराबादी, तर पंजाब-हरियाणाकडून मुऱ्हा जातीच्या नुकत्याच व्यालेल्या म्हशी आगगाडीने मुंबईत येत व दाट वस्तीतील तबेल्यांत बांधल्या जात.

या पद्धतीतील खरा अनर्थ म्हैस आटल्यावर सुरू होई. एका वेताचे दूध साधारणपणे दहा महिने चालते; त्यानंतर पुन्हा विण्यापर्यंत जनावर भाकड असते. खेड्यात हा भाकडकाळ काही भार नसतो, कारण कडबा घरचा असतो, बांधावरचे गवत फुकटचे असते आणि जनावर पुन्हा गाभण राहण्याची सोयही जवळच असते. शहरात मात्र प्रत्येक पेंढी विकत, जागेला भाडे आणि रेड्याची वानवा. भाकड म्हैस अनेक महिने पोसून पुन्हा दुभती करण्यापेक्षा ती खाटकाला देऊन नवी आणणे तबेलेवाल्याला परवडे. यात त्याची क्रूरता शोधण्याचे कारण नाही. त्याच्या हिशेबात दुसरे उत्तरच येत नव्हते. रेडकाची गत याहून वाईट होई. ते जे दूध पिई ते विक्रीतून वजा होई, म्हणून ते थोड्याच दिवसांत उपासाने मरे.

परिणामी दरवर्षी खेड्यांतून निवडून आणलेल्या सर्वांत दुधाळ म्हशी त्यांच्या ऐन उमेदीत, पहिल्या तीन-चार वेतांच्या आतच, संपत आणि त्यांची वंशवेल तेथेच खुंटे. पशुपैदाशीच्या शास्त्रात उत्तम मादी राखून निकृष्ट काढून टाकावयाची असते. येथे नेमके उलटे चालले होते. शहराची बाजारपेठ हीच एक उलटी निवड करणारी यंत्रणा झाली होती. शेणाचीही तीच कथा. जे शेण खेड्यात खत म्हणून शेतात परत गेले असते, ते शहरात गटारांचे व रोगराईचे कारण झाले. चारा, पेंड आणि सरकी यांच्या रूपाने जमिनीतील कस शहरात येई, परतीच्या वाटेने मात्र काहीच जात नसे. कलकत्त्यात गोष्टी आणखी पुढे गेल्या होत्या. तेथील गवळ्यांची पान्हा उतरविण्याची ‘फुका’ नावाची रीत ऐकल्यावर महात्मा गांधींनी दूध सोडले, हे त्यांच्या आत्मकथेच्या वाचकांस ठाऊकच आहे.

दुसऱ्या महायुद्धात मुंबईची लोकसंख्या झपाट्याने फुगली आणि दुधाचा तुटवडा हा राज्यकारभाराचा प्रश्न झाला. १९४५ साली मुंबई सरकारने ‘बॉम्बे मिल्क स्कीम’ सुरू केली. या योजनेचे सूत्रधार दारा खुरोडी हे कर्तबगार व आग्रही प्रशासक होते. त्यांच्यासमोर दोन वेगळ्या कल्पना होत्या आणि त्यांनी दोन्ही एकदमच हाती घेतल्या, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेण्यास फार महत्त्वाची आहे. पहिली कल्पना म्हणजे तबेले शहराच्या मध्यवस्तीतून उचलून मोकळ्या जागी नेणे. दुसरी म्हणजे म्हैस जेथे आहे तेथेच ठेवून तिचे दूध आणणे.

पहिल्या कल्पनेतून १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. सुमारे १,३०० हेक्टर डोंगराळ प्रदेशात बत्तीस गोठे बांधले गेले व तेथे सुमारे १६,००० जनावरांची सोय झाली. म्हशी खाजगी मालकांच्याच राहिल्या. जागा, पाणी, पशुवैद्य आणि दुधाची खरेदी सरकारकडे आली. गोठ्यांच्या सांडपाण्यावर पॅरा गवताची लागवड झाली, म्हणजे शेणाचा काही अंश तरी चाऱ्याच्या रूपाने जनावरांकडे परत जाऊ लागला. त्या काळी परदेशी पाहुणे आरे पाहिल्याशिवाय मुंबई सोडीत नसत. परंतु निःपक्षपातीपणाने पाहिल्यास आरे ही जुन्याच पद्धतीची स्वच्छ व सुंदर आवृत्ती होती असे म्हणावे लागते. म्हैस अद्यापि बाहेरगावाहूनच यावयाची, वैरण व पेंड विकतचीच, आणि भाकडकाळाचा हिशेब पूर्वीइतकाच अवघड. जागा बदलली, अर्थशास्त्र बदलले नाही.

दुसऱ्या कल्पनेस एका जुन्या यंत्राची व एका नव्या शोधाची मदत झाली. मुंबईपासून सव्वाचारशे किलोमीटरांवर असलेल्या खेडा जिल्ह्यातील आणंद येथे पोल्सन कंपनीची लोण्याची डेअरी १९३० च्या सुमारास निघाली होती. तेथील पाश्चरीकरण यंत्रात दूध तापवून व लगेच थंड करून कॅनमध्ये भरावे आणि आगगाडीने मुंबईस पाठवावे, असा करार सरकारने १९४५ मध्ये या कंपनीशी केला. थंड केलेले दूध रात्रभराच्या प्रवासानंतरही टिकते हे यातून सिद्ध झाले. दूधपुरवठ्याच्या इतिहासात हा क्षण निर्णायक मानावयास हवा. ज्या दिवशी दूध प्रवास करू लागले, त्या दिवशी म्हशीच्या प्रवासाची आवश्यकता तत्त्वतः संपली.

नवा शोध खुरोडी यांच्या नावावर आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश शेकडा सात वा अधिक असतो. त्यात पाणी व स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी योग्य प्रमाणात मिसळली म्हणजे स्निग्धांश कमी परंतु इतर पोषक घटक पुरेसे असलेले दूध बनते व तेच दूध अधिक माणसांना पुरते. १९४६ पासून मुंबईत विकले जाऊ लागलेले हे ‘टोन्ड’ दूध गरिबांच्या आवाक्यात आले. मात्र त्यास लागणारी भुकटी परदेशांतून, मुख्यतः न्यूझीलंडसारख्या देशांतून येत होती. या एका तपशिलातून पुढे मोठा झगडा उद्भवला.

पोल्सनला दूध गोळा करण्याचा एकाधिकार मिळाल्याने उत्पादकास मिळणारा भाव दलालांच्या मर्जीवर राहिला. सरदार वल्लभभाई पटेलांचा सल्ला, मोरारजी देसाई यांची मध्यस्थी आणि ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा येथे भरलेली सभा. त्यानंतर दूध न घालण्याचा पंधरा दिवसांचा संप, आणि डिसेंबर १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या अध्यक्षतेखाली खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी. हा घटनाक्रम सर्वपरिचित असल्याने त्याचा विस्तार येथे अनावश्यक आहे. जून १९४८ मध्ये संघाने दोन गावांतील सोसायट्यांचे दिवसाला सुमारे २५० लिटर दूध पाश्चरीकृत करण्यास आरंभ केला. पुढील वर्षी वर्गीज कुरियन हे सरकारी शिष्यवृत्तीच्या करारामुळे काहीशा नाखुषीनेच आणंदच्या सरकारी क्रीमरीत रुजू झाले आणि लवकरच संघाचे झाले.

या संघटनेचा पाया एका साध्या उपकरणावर होता, ही गोष्ट इतिहासकारांनी पुरेशी अधोरेखित केलेली नाही. स्विस रसायनज्ञ गर्बर यांच्या पद्धतीत काचेच्या नळीत थोड्या दुधात गंधकाम्ल व अमिल अल्कोहोल घालून ती फिरवितात. वर तरंगणारा स्निग्धांशाचा थर मोजपट्टीवर वाचता येतो. ही परीक्षा गावातच, सर्वांसमक्ष होऊ लागली. पूर्वी मापावर आणि गवळ्याच्या अंदाजावर चालणारा व्यवहार आता आकड्यावर आला. पाणी घालण्याचा मोह तर कमी झालाच. शिवाय, आणि हे अधिक महत्त्वाचे, म्हशीस चांगली पेंड दिली तर नळीतला थर जाड होतो व पैसे वाढतात, हे भूमिहीन मजुराच्या घरच्या बाईलाही दिसू लागले. सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी मिळत. एक-दोन म्हशींवर भागणाऱ्या घरास भाकडकाळातही जनावर राखण्याचे बळ या रोख पैशाने दिले.

तथापि हिवाळा आड आला. म्हशी बहुधा पावसाळ्याच्या अखेरीपासून व्यायला लागतात, आणि हिवाळ्यात खेडा जिल्ह्यातील दूध उन्हाळ्याच्या मानाने जवळजवळ अडीचपट होई. मुंबईची मागणी मात्र बाराही महिने सारखीच. त्यातून परदेशी भुकटी स्वस्त मिळत असली म्हणजे ताजे दूध घेण्याची निकड आणखीच कमी होई. हिवाळ्यातील जादा दूध नाकारले गेले म्हणजे उत्पादक पुन्हा तूपवाल्याच्या दारी जाई. जो धंदा वर्षातून चार महिने तोट्यात चालतो त्यात कोणी दुसरी म्हैस बांधत नाही. आहे तीदेखील मुंबईच्या दलालास विकतो. म्हणून हिवाळ्याच्या दुधाची भुकटी करून ती उन्हाळ्यात वापरणे हा हिशेब सोडविण्याचा एकमेव उपाय होता.

दुधाची भुकटी करण्याची विद्या गाईच्या दुधावर वाढलेल्या देशांत विकसित झाली होती. म्हशीच्या दुधात घन पदार्थ शेकडा १६-१७, तर गाईच्या दुधात १२-१३ असतात. स्निग्धांश, केसिन व चुना यांचे प्रमाणही म्हशीच्या दुधात अधिक असते. असले दाट दूध फवाऱ्याच्या यंत्रात नीट सुकणार नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत पडले. या मतामागे केवळ भुकटी विकणाऱ्या देशांचा स्वार्थ होता, असे पुढे पुष्कळदा म्हटले गेले. तसे मानण्याची गरज दिसत नाही. ज्या देशांत म्हैसच नाही, तेथे तिच्या दुधावर प्रयोग कोणी व कशासाठी करावेत? अज्ञानाचे स्पष्टीकरण पुरेसे असताना कारस्थानाची कल्पना करणे इतिहासाच्या अभ्यासकाने टाळावे.

मिशिगन येथे कुरियन यांचे सहाध्यायी असलेले हरिचंद मेघा दलाया यांनी हे मत स्वीकारले नाही. त्यांनी आधी लहान प्रमाणावर म्हशीचे दूध फवारून सुकवून दाखविले. तत्त्व सोपे आहे: दूध निर्वात पात्रात आटवून दाट करावयाचे, नंतर अतिवेगाने फिरणाऱ्या चकतीवरून त्याचे अतिसूक्ष्म कण तप्त हवेच्या कोठीत उडवावयाचे, पाणी क्षणात निघून जाते व भुकटी तळाशी जमते. कौशल्य होते ते आटविण्याची मर्यादा, उष्णतेचे प्रमाण व स्निग्धांशाचा मेळ घालण्यात. युनिसेफने मुलांना दूध पुरविण्याच्या अटीवर यंत्रसामग्री दिली, कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने द्रव्यसाहाय्य केले, आणि डेन्मार्कच्या नीरो अ‍ॅटमायझर कंपनीचा शुष्कक बसविण्यात आला. ज्या न्यूझीलंडची भुकटी या यंत्रामुळे अनावश्यक ठरावयाची होती, त्याच देशाचा पैसा यंत्राच्या इमारतीत पडावा, हा योगायोग मनोरंजक आहे. राष्ट्राध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी १९५४ च्या नोव्हेंबरात कोनशिला बसविली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदार पटेलांच्या जयंतीदिनी, पंडित नेहरूंच्या हस्ते डेअरीचे उद्घाटन झाले. म्हशीच्या दुधाची भुकटी व्यापारी प्रमाणावर करणारा हा जगातील पहिला कारखाना होय. लहान मुलांसाठी म्हशीच्या दुधापासून दुग्धान्न बनविण्याची कृती म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्थेने दिली, तेव्हा म्हशीच्या दुधावरील दुसरा आक्षेपही दूर झाला.

भुकटीमुळे हिवाळ्याचे दूध घेण्याची हमी मिळाली. हमी मिळाली म्हणून म्हैस गावात राहिली. गावात राहिली म्हणून भाकडकाळ घरच्या वैरणीवर काढून पुन्हा व्याली, तिची रेडी वाढली आणि तिचे शेण त्याच शिवारात पडले. या साखळीतील एकेक दुवा क्षुल्लक भासतो; परंतु ती सलग वाचल्याशिवाय आणंदचे महत्त्व कळत नाही. १९६४ साली कंजरी येथे पशुखाद्याचा कारखाना निघाला. त्याच्या उद्घाटनास आलेले पंतप्रधान लालबहादुर शास्त्री एका खेड्यात मुक्कामाला राहिले व त्यानंतरच १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. तेलबियांची पेंड, कोंडा, मळी असे जे पदार्थ माणसाच्या खाण्याचे नव्हेत त्यांपासून दूध, हे या कारखान्याचे सूत्र होते. धान्यावर पोसलेल्या पाश्चात्त्य गाईहून भारतीय म्हशीचा संसार याच जागी वेगळा ठरतो.

या इतिहासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. भुकटी करणे इंधनखाऊ काम आहे. दुधातील पाणी उडविण्यास बरीच वाफ लागते आणि पुढे त्याच भुकटीत पुन्हा पाणी घालावयाचे असते. म्हणून हंगामी जादा दुधापुरतीच ती समर्थनीय ठरते. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ने तर देणगीदाखल आलेली १,२६,००० टन युरोपीय भुकटी व ४२,००० टन लोणीतेल वापरून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांचा पुरवठा उभारला. विक्रीच्या पैशातून ग्रामीण सोसायट्या उभ्या राहिल्या हे खरे. परंतु परकी दुधाची चटक लागण्याचा धोका त्यात होता. क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये या योजनेवर केलेला हल्ला आणि शांती जॉर्ज यांनी १९८५ च्या ग्रंथात केलेली चिकित्सा यांतील काही आरोप अतिरेकी असले, तरी चारा व पाणी यांचा हिशेब कोण ठेवतो हा त्यांतील प्रश्न टाळण्याजोगा नव्हता. संकरित गाईंस हिरवा चारा लागतो, हिरव्या चाऱ्यास पाणी लागते आणि ते पाणी विहिरीतून येते. उरुळीकांचन येथे १९६७ साली मणिभाई देसाई यांनी स्थापन केलेल्या ‘भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन’ने गोठविलेले वीर्य शेतकऱ्याच्या दारी पोचवून संकराचा प्रसार केला, तेव्हा सुबाभळीसारख्या चारावृक्षांकडेही लक्ष दिले, यावरून या अडचणीची जाणीव तेथे होती असे दिसते.

शेणाच्या उपयोगाचा इतिहास मात्र बराचसा असमाधानकारक आहे. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून ज्वलनशील वायू काढण्याचे प्रयोग केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी लोखंडी तरंगत्या पिंपाचे ‘ग्रामलक्ष्मी’ हे संयंत्र बनविले आणि मुंबईतील खादी व ग्रामोद्योग आयोगाने तोच नमुना पुढे देशभर नेला. गोवरी जाळली म्हणजे खत जाते. वायू जाळला म्हणजे खत उरते. इतका उघड लाभ असूनही प्रसार मंद राहिला. पिंप महाग, ते गंजते, थंडीत वायू कमी निघतो, आणि चार-पाच जनावरांचे शेण व रोजचे बादलीभर पाणी ज्याच्या घरी आहे त्यालाच ते परवडते. ज्या एक-दोन म्हशींच्या घरांनी आणंदचे यश घडविले, तीच घरे येथे वगळली गेली. दूध एकत्र करणारी सोसायटी निघाली तशी शेण एकत्र करणारी सोसायटी त्या काळी निघाली नाही. खेडा भागातील काही गावांत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घरोघर लहान संयंत्रे बसवून त्यांतील मळी एकत्र खरेदी करण्याचा उपक्रम सुरू केला तो एकविसाव्या शतकात.

त्याच सुमारास म्हशीच्या कोठ्यात रवंथाबरोबर तयार होणाऱ्या मिथेन वायूचाही विचार सुरू झाला. निकस कडब्यावर उभे असलेले जनावर दूध थोडे देते, वायू मात्र सोडीतच राहते. उपलब्ध चाऱ्यात कोणता घटक कमी आहे हे पाहून आहार संतुलित केल्यास दर लिटरमागे वायू कमी होतो, या तत्त्वावर राष्ट्रीय दुग्ध योजनेच्या पहिल्या टप्प्यात २०१२ नंतर गावोगाव आहारसल्ला देण्यात आला. गर्बरच्या नळीने जे काम पैशाच्या भाषेत केले, तेच येथे पोषणाच्या भाषेत करावयाचे होते. फरक एवढाच की नळीतला थर डोळ्यांना दिसे आणि मिथेन दिसत नाही.

महाराष्ट्रात आणंदची पद्धत उशिरा व तुकड्यातुकड्यांनी आली. येथे प्रथम सरकारी दुग्धयोजनांचाच विस्तार झाला. जिल्ह्याजिल्ह्यांतील शीतकरण केंद्रांतून दूध मुंबईस जाऊ लागले, पण उत्पादकाचा मालकी हक्क गावापुरताच राहिला. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा संघासारख्या संस्थांनी ही उणीव पुढे भरून काढली आणि पश्चिम महाराष्ट्रातील म्हशीचे दूध मुंबईच्या बाजारात स्वतःच्या नावाने आणले. १९६३ सालीच त्रिभुवनदास पटेल, खुरोडी व कुरियन या तिघांना मॅगसेसे पारितोषिक एकत्र मिळाले होते. आरे आणि आणंद या दोन भिन्न कल्पनांचे पुरस्कर्ते तेथे एका रांगेत उभे राहिले. शहरातील तबेले हटविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने नागरी भागात गुरे पाळण्यावर व त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण घालणारा कायदा १९७६ मध्ये केला. जोगेश्वरी-गोरेगावकडील कित्येक तबेले त्यानंतरही राहिले, कारण डोळ्यांदेखत काढलेल्या दुधासाठी जादा पैसे मोजणारे गिऱ्हाईक मुंबईत राहिले होते.